नाचायला शिका, पण नाचू नका : परदेशी कलाविद्यार्थी, व्हिसा आणि 'गुणवत्ता'



उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत एक काका राहतात. दिवसा रंगकामाला जातात आणि रात्री गायन पार्टीत ढोलक वाजवतात. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास त्यांना घरी शोधू नये, ते कुठल्या ना कुठल्या स्टेजवरच सापडतात. त्यांची मुलगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचू लागली, मग कॉलेजच्या युवा महोत्सवात नाचली आणि पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये नृत्यात एम. ए. करायला गेली. तिचा फॉर्म मीच भरून दिला होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर लागतो की नाही याचा घोळ, सगळ्यात मी सोबत होते. वस्तीने तिचा सत्कार केला तेव्हा काकांनी स्वतः ढोलक वाजवली.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी पास झाली. आता तिच्या व्हिसाची मुदत संपत आली आहे. परवा काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, पोरगी नापास झाली असती तर समजलो असतो. पास होऊनबी वापस यावं लागन, हे कसं व?"

या लेखात मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधते आहे. काकांना मी त्या दिवशी जे सांगितले ते खरे होते, पण अपुरे होते. मी म्हणाले, "काका, तिथला नियमच तसा आहे." नियम तसा आहे हे खरेच. पण नियम कोणासाठी, कोणाला गृहीत धरून केला जातो, हा प्रश्न विचारायला आम्हाला बाबासाहेबांनी शिकवले आहे.

आधी नियम नीट पाहू

ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर पदवीचा अभ्यास करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. हॉटेलात भांडी घासता येतात, दुकानात उभे राहता येते, गोदामात खोकी उचलता येतात. पण दोन गोष्टी करता येत नाहीत. एक, स्वतःचा धंदा, म्हणजे फ्रीलान्स काम. दोन, 'एंटरटेनर' म्हणून काम. म्हणजे गाणे, नाच, नाटक हा पेशा म्हणून करायचा नाही. संगीत, नृत्य, नाटक शिकणाऱ्यांना सूट आहे, पण ती अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या, ज्याचे मूल्यमापन होते अशा कामापुरती.

वाचकांनी इथे जरा थांबावे. जी मुलगी नाच शिकायला लाखो रुपये भरून तिथे गेली आहे, तिला तिथे कॉफी विकून पैसे कमावता येतात, नाचून कमावता येत नाहीत. नाचायला शिका, पण नाचू नका.

पदवी मिळाली की 'ग्रॅज्युएट रूट' आहे. हा १ जुलै २०२१ रोजी सुरू झाला. पदवी आणि एम. ए. वाल्यांना दोन वर्षे, पीएच. डी. वाल्यांना तीन वर्षे. या काळात फ्रीलान्स काम चालते, कार्यक्रमही करता येतात. म्हणजे कलाकाराला खऱ्या अर्थाने काम करायची परवानगी पहिल्यांदा इथे मिळते. पण ती फुकट नाही. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, दोन वर्षांचे २,०७० पौंड, एकरकमी आणि आगाऊ. वर अर्जाची फी वेगळी. सगळे मिळून तीन लाख रुपयांहून जास्त जातात. शिष्यवृत्ती अभ्यासक्रम संपला की संपते, त्यामुळे हे पैसे घरून यावे लागतात. काकांनी ते कसे उभे केले हे मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

हा व्हिसा वाढवून मिळत नाही. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच. डी. सोडून, दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत.

त्यानंतर काय? मुख्य दरवाजा 'स्किल्ड वर्कर' व्हिसाचा. त्यासाठी सरकारकडून परवाना घेतलेला मालक लागतो आणि ठरावीक पगार लागतो. ही पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. नुकतेच शिकून बाहेर पडलेल्यांसाठी सवलतीचा दर आहे, तोही ३३,४०० पौंड.

४१,७०० भागिले ५२ केले तर आठवड्याला ८०० पौंड होतात. वर्षातला एकही आठवडा रिकामा न जाता, एकाच मालकाकडून. आता नाचाचे, नाटकाचे जग कसे चालते ते बघा. तीन आठवड्यांची तालीम, दहा प्रयोग, मग दीड महिना काही नाही. मग एका शाळेत कार्यशाळा, मग दुसऱ्या कंपनीत सहा आठवडे. आज या मालकाकडे, उद्या त्या. मोठमोठ्या नावांचे कलाकारही असेच जगतात. हा त्या पेशाचा आळस नाही, त्या पेशाची रीतच ती आहे. ज्या पेशात कायमची नोकरी जवळजवळ नसते, त्या पेशातल्या पोरांना तुम्ही कायमच्या नोकरीचे पत्र मागता. मासोळीला झाडावर चढून दाखव म्हणायचे आणि चढली नाही की नापास करायचे.

अमेरिकेत कला बारा महिन्यांची

काही जण म्हणतील, ब्रिटनचे सोडा, अमेरिका बघा. बघू या.

अमेरिकेत शिक्षण संपल्यावर 'ओपीटी' नावाची कामाची परवानगी मिळते, १२ महिन्यांची. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित, म्हणजे ज्याला 'स्टेम' म्हणतात त्या विषयांच्या विद्यार्थ्यांना त्यावर आणखी २४ महिने मिळतात. म्हणजे संगणकवाल्याला तीन वर्षे, गाणाऱ्याला एक. त्या एका वर्षातही एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहिले तर परवानगी धोक्यात येते. छोटे छोटे कार्यक्रम धरले जातात, पण प्रत्येकाची तारीख, तास, आयोजक याची वही ठेवावी लागते. चला, वही ठेवायला आम्ही तयार आहोत. आमच्या गायन पार्ट्यांचे हिशेबही वहीतच असतात.

पण वर्ष संपल्यावर? कलाकारासाठी 'ओ-१बी' व्हिसा आहे. त्याचे नावच 'असामान्य क्षमता' असे आहे. ऑस्कर, एमी, ग्रॅमी यांसारखा पुरस्कार असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर सहा निकषांपैकी किमान तीन दाखवा : नामांकित संस्थेच्या प्रयोगात प्रमुख भूमिका, वर्तमानपत्रांतली समीक्षा, व्यावसायिक यश, तज्ज्ञांची मान्यता, इतरांपेक्षा जास्त मानधन असे. अर्ज स्वतःला करता येत नाही, तिथला मालक किंवा एजंट लागतो. कलाकारांच्या संघटनेचे सल्लापत्र लागते. एप्रिल २०२४ मध्ये या अर्जाची मूळ फी ४६० डॉलरवरून १,०५५ डॉलर झाली, त्यात वकिलाची फी धरलेली नाही.

बावीस-तेवीस वर्षांचे पोर, कालपर्यंत ज्याला कॅम्पसबाहेर पैसे घेऊन गाण्याची परवानगी नव्हती, त्याने वर्षभरात 'असामान्य' होऊन दाखवायचे.

ब्रिटनमध्येही याचा जुळा भाऊ आहे, 'ग्लोबल टॅलेंट' व्हिसा. कलांसाठी त्याची शिफारस आर्ट्स कौन्सिल इंग्लंड करते. त्यात 'होतकरू' असा एक वर्ग आहे, हे चांगले. यात पगाराची अट नाही, हेही चांगले. पण तीन शिफारसपत्रे लागतात, त्यातली दोन नामांकित कलासंस्थांची, आणि पुरावा लागतो व्यावसायिक कामाचा : माध्यमांनी घेतलेली दखल, पुरस्कार, प्रयोगांची नोंद.

इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो.

पुरावा कोणाकडे असतो?

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 'सांस्कृतिक भांडवल' ही कल्पना मांडली. थोडक्यात असे की, घरातून मिळालेली भाषा, ओळखी, अभिरुची, वावरण्याची ढब हीसुद्धा संपत्ती असते, पण ती संपत्ती म्हणून दिसत नाही, 'गुणवत्ता' म्हणून दिसते. आपल्याकडे हे समजायला बोर्द्यू वाचायची गरज नव्हती. मेरिटच्या नावाने राखीव जागांना शिव्या घालणारे आपण रोज ऐकतो.

आता व्हिसाचे निकष त्या नजरेने वाचा. वर्तमानपत्रातली समीक्षा. शास्त्रीय नृत्याच्या अरंगेत्रमला, मोठ्या सभागृहातल्या मैफलीला समीक्षक येतो, फोटो येतो, दोन कॉलम येतात. आमच्या काकांनी तीस वर्षे ढोलक वाजवली, हजारो लोक पहाटेपर्यंत बसून ऐकतात. त्यांच्यावर आजवर किती ओळी छापून आल्या? वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्राच्या गावागावांत पाठ आहेत, पण ती गाणाऱ्या पार्ट्यांचे समीक्षण कोणत्या पुरवणीत येते? तमाशाच्या फडात आयुष्य घालवणाऱ्या बाईचे 'प्रमुख भूमिकेचे' प्रमाणपत्र कोण देणार? नामांकित संस्थेचे शिफारसपत्र कोणत्या नामांकित संस्थेकडून आणायचे, जिच्या विश्वस्त मंडळात आमचे कोणी नाही तिच्याकडून?

ज्या मुलीची आजी गायिका, मामा नाट्यदिग्दर्शक आणि आत्या लंडनला, तिच्या घरात हे पुरावे जन्माआधीच तयार होत असतात. दोघींचा नाच एकाच तोडीचा असू द्या. एकीकडे फाइल आहे, दुसरीकडे नाही. व्हिसा अधिकारी नाच बघत नाही, फाइल बघतो.

त्यात कलांचीही वर्णव्यवस्था आहे. ब्रिटनच्या सरकारने अनेक वर्षे कुशल मनुष्यबळाच्या टंचाईची एक यादी ठेवली होती. त्या यादीत नर्तक होते, पण कोणते? आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या कंपन्यांच्या तोडीचे बॅले आणि कंटेम्पररी नर्तक. वादक होते, तेही सिंफनी वाद्यवृंदातले, वरच्या खुर्च्यांवरचे. बाकी जगाचे नाच, बाकी जगाची वाद्ये ही 'टंचाई' नव्हे. कोणत्या कलेला कौशल्य म्हणायचे आणि कोणत्या कलेला करमणूक म्हणायचे, हे सत्ता ठरवते.

हे आपल्याला नवे नाही. दक्षिणेत देवदासी घराण्यांतल्या स्त्रियांचा 'सदिर' विसाव्या शतकात 'भरतनाट्यम' झाला, प्रतिष्ठित झाला, आणि ज्या घराण्यांनी तो सांभाळला त्याच बाजूला पडल्या. महाराष्ट्रात तमाशा आणि लावणी ज्या जातींनी जगवली त्यांना 'लोककलावंत' म्हणून वेगळ्या पंक्तीत बसवले गेले. लोककलावंत या शब्दात मान आहे असे दाखवले जाते, पण शास्त्रीय कलावंताच्या शेजारच्या खुर्चीवर त्याला कोणी बसवत नाही. लंडन आणि न्यूयॉर्कने ही उतरंड शोधून काढली असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची आहे, वंशाची आणि वर्गाची. पण दोन उतरंडी एकमेकींच्या खांद्यावर उभ्या राहिल्या की सर्वात खाली असलेल्याला दुप्पट ओझे होते.

"शिकायला गेली होती, परत यावे"

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. तिन्ही प्रामाणिकपणे घेऊ.

पहिला : शिक्षण हा करार होता, नोकरी नव्हे. शिका आणि परत या. ऐकायला बरोबर वाटते. पण मग तोच नियम सर्वांना लावा. अमेरिका संगणकवाल्याला तीन वर्षे देते तेव्हा करार वेगळा होता का? परदेशी विद्यार्थ्यांकडून स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त फी घेणाऱ्या संस्था जाहिरातीत 'पदवीनंतर कामाची संधी' असे मोठ्या अक्षरात छापतात. संधी विकायची आणि मग ती मागणाऱ्याला उपरा म्हणायचे, याला करार म्हणत नाहीत. शिवाय कला वर्गात अर्धीच शिकली जाते. उरलेली अर्धी पहिल्या दोन-चार वर्षांच्या कामात शिकली जाते. डॉक्टरला इंटर्नशिप लागते हे सगळ्यांना कळते, नर्तकीलाही लागते हे का कळू नये?

मुदत संपली म्हणून अर्धवट परतणे म्हणजे काय हे आपल्या चळवळीला ठाऊक आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परत यावे लागले. करार पाळायला ते बडोद्याला नोकरीवर गेले, तर तिथे राहायला घर मिळेना. १९२० मध्ये पैसे जमवून ते पुन्हा लंडनला गेले, म्हणून पुढचे सगळे घडले. दुसऱ्यांदा जाणे प्रत्येकाला जमत नाही. बाबासाहेबांना जमले हे उदाहरण देऊन व्यवस्थेला मोकळे सोडू नये.

दुसरा आक्षेप : तिथल्या स्थानिक कलाकारांनाच काम नाही, तुमच्या पोरांना कुठून देणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. तिथले नर्तक, नट, वादकही भाड्याच्या खोलीत तिघे तिघे राहतात. पण त्यांचे काम परदेशी विद्यार्थ्यांनी हिरावले का? कलेवरचा सरकारी खर्च कापला गेला, नगरपालिकांनी हात आखडता घेतला, भाडी वाढली. खालच्या दोघांना एकमेकांवर सोडायचे आणि वरच्याने मजा बघायची, हा खेळ आपण आपल्या गिरण्यांत, आपल्या वस्त्यांत बघितला आहे. शिवाय पगाराची उंच अट स्थानिक कलाकाराला एक पौंडही जास्त मिळवून देत नाही. ती फक्त दाराची उंची वाढवते.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो आणि तो मला सर्वात जास्त टोचतो : "नाचगाण्यात काय ठेवलंय? एमपीएससी केली असती तर आज क्लास टू झाली असती." मित्रहो, ज्या चळवळीचा विचार जलशांनी गावोगाव नेला, ज्या चळवळीत शाहीर आणि गायक निरक्षर माणसापर्यंत बाबासाहेब घेऊन गेले, तिने हे म्हणावे? कलावंत आम्हाला स्टेजवर हवा असतो, जयंतीला हवा असतो, पण तो आमच्या घरात जन्मू नये, हा ढोंगीपणा झाला. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले याचा अभिमान सांगतो, मग आज एखादी पोरगी जगाच्या रंगमंचावर उभी राहू पाहते तेव्हा तिला तलाठ्याच्या परीक्षेचे पुस्तक का देतो?

आपल्या दारातली अडचण

दुसऱ्याच्या कुंपणावर बोलण्याआधी आपले कुंपण बघितले पाहिजे.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप घ्या. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीची ही योजना, देशभरात १२५ जागा. २०२२ मध्ये केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळून टाकले. म्हणजे आंबेडकरी जलशावर, तमाशावर परदेशात संशोधन करायचे असेल तर आमच्या पोरांनी या पैशांनी ते करायचे नाही. आमच्यावर लिहायचा हक्क इतरांना, आम्हाला नाही.

दुसरी अडचण क्रमवारीची. केंद्राची योजना असो की राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागते. ही क्रमवारी अनेक विषय शिकवणाऱ्या मोठ्या विद्यापीठांची आहे. फक्त संगीत, नृत्य किंवा नाटक शिकवणाऱ्या जगद्विख्यात संस्था त्या मुख्य यादीत बसतच नाहीत. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक क्यूएसच्याच परफॉर्मिंग आर्ट्सच्या विषयवार यादीत पहिल्या क्रमांकावर आलेले आहे, पण सर्वसाधारण यादीत शोधाल तर सापडणार नाही. आमच्या वस्तीतल्या मुलीनेही म्हणूनच नृत्याची नावाजलेली संस्था सोडून क्रमवारीत बसणारे विद्यापीठ निवडले. त्या संस्थेत गेली असती तर कंपन्यांशी ओळखी झाल्या असत्या, शिफारसपत्रे मिळाली असती. म्हणजे व्हिसाची अडचण लंडनमध्ये सुरू झालेली नाही, ती आपल्या शासन निर्णयातल्या एका ओळीत सुरू झाली.

आणि तिसरी गोष्ट. परदेशी विद्यार्थी आपल्याकडेही कला शिकायला येतात. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, त्यांना नृत्य-संगीताच्या शिष्यवृत्त्या देते. शिकून झाल्यावर त्यांना इथे काम करायचे असेल तर? भारताच्या एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला १६.२५ लाख रुपयांची आहे. परदेशी खाद्यपदार्थ करणारे स्वयंपाकी, भाषाशिक्षक अशा काहींना सूट आहे. पुण्यात किंवा नागपुरात नाचाचा क्लास घेणारा कोणता कलाकार वर्षाला सव्वासोळा लाख कमावतो? श्रीलंकेतून शिकायला आलेल्या एखाद्या मुलीला आपण तेच सांगतो जे लंडन आमच्या मुलीला सांगते. न्याय मागणाऱ्याने तो द्यायचीही तयारी ठेवली पाहिजे. मैत्री आणि करुणा ही फक्त वंदनेत म्हणायची नसते.

मग करायचे काय?

दुसरा रस्ता जगात नाही असे नाही. जर्मनीत पदवीनंतर काम शोधायला १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो आणि पुढे फ्रीलान्स कामासाठी वेगळा परवाना मागता येतो, त्यात एकाच मालकाच्या पत्रावर सगळे अडत नाही. फ्रान्समध्ये कलाकारांसाठी स्वतंत्र निवास परवाना आहे, तो चार वर्षांपर्यंत मिळू शकतो. तिथेही कागद, भाषा, उत्पन्नाचा प्रश्न आहेच, तो स्वर्ग नाही. पण कलाकार तुकड्यातुकड्याने काम करतो हे तिथल्या कायद्याला कळते. म्हणजे हे करता येते. ब्रिटन आणि अमेरिका करत नाहीत, कारण त्यांना करायचे नाही.

त्यांच्या संसदेत आपला आमदार नाही. पण चार कामे आपल्या हातातली आहेत.

एक, शासनाकडे मागणी. परदेशी शिष्यवृत्तीत संगीत, नृत्य, नाट्य यांसाठी विषयवार क्रमवारी धरावी. केंद्राने वगळलेले विषय परत घ्यावेत. पदवीनंतरच्या पहिल्या व्हिसाचा खर्च शिष्यवृत्तीत धरावा किंवा बिनव्याजी द्यावा. इंजिनिअर पोरगा पहिल्या पगारात तो फेडतो, कलाकार पोरगी फेडू शकत नाही.

दोन, परदेशातल्या आंबेडकरी संघटनांना विनंती. तुम्ही दरवर्षी जयंती करता, सभागृह घेता, कार्यक्रम ठेवता. आपल्या विद्यार्थी कलाकाराला ज्या टप्प्यावर नियम परवानगी देतो त्या टप्प्यावर रीतसर मानधन द्या, करारपत्र द्या, छापील पत्रिकेत नाव द्या, कार्यक्रमाची नोंद ठेवा. तुमच्यासाठी ती एक संध्याकाळ असेल, तिच्या फाइलीत तो पुरावा असेल.

तीन, लिहिणाऱ्यांना सांगणे. आपल्याकडे कवितेवर समीक्षा लिहिणारे खूप आहेत. भीमगीतांच्या कार्यक्रमावर, जलशावर, वस्तीतल्या पथनाट्यावर तारीख-ठिकाण-नावांसह लिहिणारे किती? आपल्या कलावंताची दखल प्रस्थापित पेपर घेत नाहीत, ही तक्रार करून पन्नास वर्षे झाली. आपण घेतो का? मीही घेतलेली नाही. काकांच्या पार्टीवर मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती, हा लेख लिहिताना लक्षात आले.

चार, जाणाऱ्या मुलामुलींना. पहिल्या दिवसापासून फाइल करा. प्रत्येक प्रयोगाचा फोटो, पत्रिका, शिक्षकाचे पत्र जपून ठेवा. पदवीनंतरची दोन वर्षे शेवटच्या सहा महिन्यांत सुरू होत नाहीत. आणि नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा नियम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

आमच्या मुलीने 'ग्लोबल टॅलेंट'च्या होतकरू वर्गात अर्ज करायचे ठरवले आहे. आम्ही रोज रात्री फोनवर पुरावे जमवतो. दोन पत्रे मिळाली आहेत, तिसरे अडले आहे. मिळेल की नाही, माहीत नाही. काल ती म्हणाली, "ताई, बाबांच्या पार्टीसोबत मी दहावीत असताना स्टेजवर नाचले होते, ते लिहू का?" मी विचारले, "काही कागद आहे?" ती म्हणाली, "कागद नाही. पण पाच हजार लोक होते."

पाच हजार लोकांनी पाहिलेले ज्या फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही, त्या फॉर्मला मी गुणवत्तेची परीक्षा मानत नाही. काकांना आता माझे उत्तर हे आहे : पोरगी नापास झालेली नाही. नापास झाला आहे तो नियम, तिथलाही आणि आपलाही. तो बदलेपर्यंत आपण कागदही जमवू आणि भांडूही.

जय भीम, जय संविधान.